मागल्या ऑक्टोबरची हवा

बाळाला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. खोली फार तापू द्यायची नाही, आणि फार गारही पडू द्यायची नाही.

आमची मुलगी दिवस भरायच्या बरीच आधी झाली होती. गणपती बसले त्या आठवड्यात बायकोला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, आणि पुढचे कित्येक दिवस ते इवलंसं पोर काचेच्या पेटीत होतं. पेटीचं तापमान पेटीच सांभाळायची. मी काचेबाहेर उभा राहून पेटीवरचा आकडा बघायचो, आणि तो आकडा हलला नाही की मला बरं वाटायचं. आता नवरात्राच्या तोंडावर पेटी सुटली होती आणि मुलगी आमच्या हवाली झाली होती.

"इतक्या लहान बाळाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, गारही करता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोली पंचवीस ते अठ्ठावीसच्या मधे ठेवा. हाताच्या पालथ्या बाजूनं पोट आणि पाय बघत जा. दोन्ही कोमट, तर बाळ मजेत आहे. पोट कोमट आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार झाले तर फोन करत बसू नका, सरळ निघून या."

"आणि पोट फारच तापलेलं लागलं तर?" मी विचारलं.

"तर आधी कपडे कमी करा. मग घाबरा." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मी मुळात एका जागी न बसणारा माणूस. जेवताना माझा गुडघा हलतो, फोनवर बोलताना मी घरभर फिरतो, रांगेत उभं राहायची वेळ आली तर दोनदा जाऊन पुढं काय चाललंय ते बघून येतो. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या आतले प्लॅस्टिकचे भाग बनतात, तिथं मी प्रोसेस टेक्निशियन आहे. प्लॅस्टिकचे दाणे वितळवणारी जी नळी असते ती टप्प्याटप्प्यानं तापवावी लागते, आणि प्रत्येक टप्प्याचं तापमान स्क्रीनवर दिसत असतं. माल खराब यायला लागला की आम्ही आधी मागचे आकडे उघडतो. कालच्या शिफ्टला काय होतं, परवा काय होतं, कुठून घसरायला लागलं. बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं. ही सवय माझ्या अंगात इतकी भिनली आहे की मुलीच्या बाबतीतही मी तेच केलं.

चिखलीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. त्यावर फक्त उघडी गच्ची. ऑक्टोबर म्हणजे आमच्या त्या खोल्यांचा सगळ्यात वाईट महिना. पाऊस मागं हटलेला, आभाळ मोकळं, दिवसभर ऊन थेट स्लॅबवर. संध्याकाळी बाहेर वारं सुटलेलं असायचं आणि आत स्लॅब दिवसभर साठवलेली आग खाली सोडत असायचा. उलट पहाटे खिडकीतून अशी गार झुळूक यायची की पायावर चादर ओढावी लागायची. एकाच दिवसात दोन ऋतू. मोठ्या माणसाला त्याचं काही नसतं. सर्दी झाली तर होते. पण मला दर वेळी दोन्ही टोकांना ते पोर दिसायला लागलं.

कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी फोनवर शोधायला लागलो. एका साइटवर शहराचं नाव आणि महिना टाकला की मागल्या वर्षांतल्या प्रत्येक दिवसाचं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान यायचं. उद्याचा अंदाज सगळेच बघतात. माझा अंदाजावर विश्वास नव्हता. घडून गेलेल्या गोष्टीवर होता. मी गेल्या वर्षीचा ऑक्टोबर बघितला, त्याच्या आधीचा बघितला, त्याच्याही आधीचा. मग सप्टेंबरचा शेवट बघितला. मोशीचा सिग्नल कधी येऊन गेला ते कळायचं नाही. दुपार तिशीच्या पुढं, पहाट विशीच्या आसपास, असं बहुतेक दिवसांचं सरळ चाललेलं असायचं. पण मधेच एखाद्या वर्षी एखादा दिवस धाडकन खाली यायचा. त्या दिवशी दुपारी पाऊस झाला असणार, परतीचा. आलेखातला तो खड्डा एखाद्या वर्षी लवकर, एखाद्या वर्षी उशिरा, आणि एखाद्या वर्षी नाहीच. मी त्या खड्ड्यांवर बोट ठेवून बसायचो. या वर्षी तो कुठल्या दिवशी पडणार, एवढंच मला हवं होतं.

शेजारच्या सीटवरच्या मित्रानं एकदा वाकून बघितलं. "राव, पोरगी झालीय का पीक घेताय?" तो म्हणाला. आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि पुन्हा मागल्या वर्षात गेलो.

बायकोनं मात्र हसण्यावारी नेलं नाही. एका संध्याकाळी मी तिला सांगत होतो की पुढच्या आठवड्यात पहाटेचं तापमान जरा उतरेल, दर वर्षी उतरतं.

"ही हवा कुठली बघताय तुम्ही?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"कुठं मोजलेली?"

मी फोन खाली-वर करून बघितलं. "पुण्याची. आपल्याकडचं वेगळं देत नाहीत."

"आणि आपण कुठं राहतो?"

"चिखलीत."

"चिखलीत न्हाई," बाळाचं लंगोट बदलता बदलता ती म्हणाली. "या खोलीत राहतो. खोलीची हवा सांगा मला."

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून भिंतीवर लावायचं थर्मामीटर आणलं आणि पाळण्याशेजारी अडकवलं. त्यानं शांत व्हायचं सोडून मी जास्तच अस्वस्थ झालो. आता माझ्याकडं बघायला दोन आकडे होते. बाहेरचा आणि आतला. दोन्ही कधी जुळायचे नाहीत.

घरात सासूबाई आलेल्या होत्या. आमच्याकडं, परभणीच्या बाजूला, सासूला मामी म्हणतात. मामींनी चार लेकरं वाढवलेली, दोन नातवंडंही. त्यांना थर्मामीटरशी काही देणंघेणं नव्हतं. लहान लेकराला एकाच गोष्टीचं भ्या, ते म्हणजे गार वाऱ्याचं, असं त्यांचं पक्कं मत. टोपरं, लोकरीचा स्वेटर, मोजे, त्यावर दुपटं आणि त्यावर गोधडी. मी कामावर निघताना एखादा थर उतरवायचो, मी खाली पोचेपर्यंत तो परत चढलेला असायचा.

"मामी, दुपारी इतकं नको. खोली तापते."

"खोली तापती, लेकरू कुठं तापतंय? सातव्या महिन्याचं लेकरू हाय जावईबापू. वारं लागलं तर काय करता?"

"डॉक्टर म्हणाल्यात..."

"डॉक्टर काय रातंदिस जवळ बसत्यात व्हय?"

मी बायकोकडं बघायचो. ती डोळे मिटून घ्यायची. सिझेरियनचे टाके अजून दुखत होते, दर दोन-अडीच तासांनी दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायचं होतं, आणि वर आमची ही भांडणं.

मग ती दुपार आली. माझी पहिली शिफ्ट होती. घरी आलो तेव्हा ऊन अजून गच्चीवर होतं. दार उघडल्याबरोबर आतली वाफ तोंडावर आली. वारं लागू नये म्हणून मामींनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि बायकोचा जरा डोळा लागला होता. मी पाळण्यात बघितलं. मुलीचं तोंड लालबुंद झालं होतं आणि श्वास भराभर चालला होता. पोटाला हात लावला तर चटका बसावा तसं झालं. काखेत तापाचं थर्मामीटर लावलं. ताप होता.

कपडे कमी करायचं मला आठवलंही नाही. मी फक्त ओरडलो, "रिक्षा!" आणि जिना उतरायला लागलो. मागून बायको टाक्यांवर हात धरून उतरत होती. मामींनी बाहेरचं वारं लागू नये म्हणून बाळाला आणखी एका शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. रिक्षात मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर लटकून बसलो, आणि प्रत्येक गाडीला हात करून बाजूला व्हायला सांगत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तुम्ही आत बसा, मी चालवतो."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकेक थर उतरवायला सुरुवात केली. शाल, गोधडी, दुपटं, स्वेटर, मोजे, टोपरं. शेवटी लंगोटातलं ते एवढंसं पोर टेबलावर पाय हलवत पडलं होतं. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, आणि आम्हाला थांबवून घेतलं. मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी परत थर्मामीटर लावलं. ताप उतरला होता. अंधार पडायच्या सुमाराला त्यांनी आम्हाला आत बोलावलं.

"रिपोर्ट चांगले आहेत. जंतुसंसर्ग दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बाळ तापलं होतं, पांघरुणानं आणि खोलीनं. आलात ते बरंच केलंत. पण त्या खोलीचं काहीतरी बघा."

मामी खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर तो स्वेटर होता, त्यांनीच विणलेला. त्यांनी त्याच्या बाह्या आत दुमडल्या, छोटी चौकोनी घडी केली आणि पिशवीत ठेवली. 

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक मुसलमान कुटुंब राहायचं. पुढच्या गाळ्यात दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज, मागं दोन खोल्या. गॅरेजवाले भाई मूळचे सोलापूरकडचे, पण त्यांचं सगळं आयुष्य भोसरी-चिखलीतच गेलेलं. त्यांच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. तोपर्यंत त्यांच्याशी आमचं जाता-येता मान हलवण्यापुरतंच होतं. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा भाभी फाटकाशीच उभ्या होत्या.

"काय झालं? दुपारी पळत गेलात. बाळ बरं आहे ना?"

बायकोनं सगळं सांगितलं. भाभींनी बाळाच्या गालाला बोट लावलं. "वरच्या मजल्यावर भाजूनच निघणार. तुमच्याआधी वर राहायचे ते मे महिन्यात गावालाच निघून जायचे. तुम्ही असं करा, दुपारी खाली येत जा. आमच्या आतल्या खोलीला उनाचं नावसुद्धा माहीत नाही. पलीकडच्या बिल्डिंगची भिंत आहे समोर."

मी म्हणालो, "तुम्हाला त्रास कशाला..." पण मनात वेगळंच चाललं होतं. गॅरेज. पेट्रोलचा वास, धूर, गाड्या रेस करून बघायचा आवाज. वर गेल्यावर मी हे बायकोला सांगितलं. आणि हेही सांगितलं की एक-दोन दिवस थांबू, मागल्या वर्षी याच सुमाराला हवा जरा उतरली होती.

"उद्या सकाळचं पाजणं झालं की मी खाली जाते," ती म्हणाली. "तुम्ही मागलं वर्ष बघत बसा."

ती गेली. मीच माझं भिंतीवरचं थर्मामीटर काढून तिच्या हातात दिलं होतं. शिफ्टच्या मधल्या सुट्टीत तिचा फोटो आला. थर्मामीटर भाभींच्या खोलीतल्या कपाटाला टेकवून ठेवलेलं, आणि पारा डॉक्टरांनी सांगितलेल्या मधल्या पट्ट्यात. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून परत परत बघितला. मग तिला लिहिलं, दर तासाला पाठव. दोन दिवस तिनं पाठवले. तिसऱ्या दिवशी फोटोऐवजी निरोप आला. "बाळ झोपलंय. भाभी झोपल्यात. मी पण झोपते. फोन करू नका."

पेट्रोलचा वास आत येत नव्हता असं नाही. पण भाईंनी मधलं दार बंद ठेवून त्याच्या फटीला ओलं पोतं लावलं होतं. आणि एकदा शिफ्टहून येताना मला दिसलं की गाडी दुरुस्त झाल्यावर ते ती ढकलत गल्लीच्या पार टोकाला नेतात, तिथं किक मारून रेस करून बघतात, आणि परत ढकलत आणतात. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरगी झोपती ना आत." आणि दुसऱ्या गाडीचा प्लग काढायला बसले.

त्याच आठवड्यात मामींना परत जावं लागलं. गावाकडं सोयाबीनची काढणी सुरू झाली होती, मजूर मिळत नव्हते. मी त्यांना सोडायला वल्लभनगरच्या स्टँडवर गेलो. त्या दवाखान्याच्या दिवसापासून आमच्यात जेवण वाढण्यापुरतंच बोलणं होतं. गाडी लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी काय लेकराचं वाईट कराया आले न्हवते."

"मला ठाऊक आहे मामी."

"ठाऊक हाय, तर बोलला का न्हाईत माझ्याशी?"

 मी त्यांची पिशवी घेऊन गाडीत चढलो, वरच्या रॅकवर ठेवली, खिडकीजवळची जागा धरली. त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मी तो पकडला. तेवढंच.

आता घरात आम्ही तिघंच. आणि माझं फोनमध्ये बघणं काही थांबलं नव्हतं. उलट वाढलं होतं. मागल्या वर्षांत खड्डा पडलेल्या काही तारखा निघून गेल्या होत्या, तसं काही झालं नव्हतं. दुपारी ऊन, पहाटे गारवा, पुन्हा दुपारी ऊन. मी बायकोला म्हणालो, या वर्षी बहुतेक पडणारच नाही. तिनं विचारलंसुद्धा नाही, काय पडणार नाही ते.

गुरुवार होता, आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी. सकाळी बायको उठली तीच कुडकुडत. छातीत गाठ आल्यासारखं दुखत होतं आणि अंगात सणकून ताप. तिला दवाखान्यात नेऊन आणलं. दूध साचून सूज आली होती. औषधं दिली, पाजणं थांबवायचं नाही म्हणून सांगितलं, आणि आराम करायला सांगितलं. दुपारी तिनं कसंबसं दूध काढून दिलं, मी वाटी-चमच्यानं मुलीला पाजलं, आणि बायको दोन चादरी घेऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. भाभी येऊन विचारून गेल्या, बाळाला खाली नेऊ का. मी म्हणालो, आज मी आहे ना. खोली तापली होती म्हणून मी दोन्ही खिडक्या सताड उघड्या टाकल्या आणि पाळणा वाऱ्याच्या तोंडी येणार नाही असा कोपऱ्यात ओढला.

मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागलो. उजेड कमी झाल्यासारखं वाटलं तेव्हा आधी मला वाटलं, बल्ब गेला. मान वर करून बघितलं तर तळवड्याच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट झालं होतं. हात पुसेपर्यंत वारं सुटलं. गच्चीवर कुणाचा तरी पत्रा धाडधाड वाजला. मी खोलीत धावलो तोवर पाऊस आडवा आत आला होता. एक खिडकी ओढून लावली, दुसरीची खिटी अडकली, ती लावेपर्यंत पाळण्याची एक बाजू भिजली होती. दुपटं ओलं, पोरीचे पाय ओले. आणि लाइट गेली.

मी तिचे ओले कपडे काढले, कोरडे घातले. मामींची गोधडी शोधली, ती खाली भाभींकडं राहिली होती. गच्चीवरून गार हवा दाराच्या फटीतून येत होती. खालून परत आणून भिंतीवर लावलेल्या थर्मामीटरचा पारा उतरत होता. मी उगाच त्याच्याकडं बघत उभा राहिलो, कंपनीत स्क्रीनसमोर उभा राहतो तसा. मग मला आठवलं आणि मी हाताच्या पालथ्या बाजूनं बघितलं. पोट कोमट. पाय गार. तळवे निळसर वाटत होते. की अंधारामुळं तसं दिसत होतं, कुणास ठाऊक. ती रडत नव्हती, आणि त्याचंच जास्त भय वाटत होतं.

बायकोला हाक मारली. तिनं डोळे उघडले, उठायचा प्रयत्न केला आणि दात वाजायला लागले तशी परत आडवी झाली. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दोन-तीनदा लागला नाही, मग लागला.

"पोट कोमट आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग घाबरू नका. आईनं घेतलं होतं ना बाळाला छातीवर, कांगारूसारखं? तसं घ्यायचं."

"तिला ताप आहे. थरथरतेय ती."

"मग तुम्ही घ्या."

"मी?"

"तुम्ही वडील आहात ना? शर्ट काढा. बाळाला फक्त लंगोट आणि टोपरं. छातीवर उभं धरा, मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळं. वरून कापडानं बांधा आणि पांघरूण घ्या. अर्ध्या तासानं पाय बघा. गरम नाही झाले तर मला फोन करा आणि इकडं या."

मी दार उघडून जिन्यातून हाक मारली, "भाभी!" त्या ओढणी आणि गोधडी घेऊन वर आल्या. मी शर्टाची बटणं काढायला लागलो तशा त्या पाठमोऱ्या झाल्या आणि जिन्यात तोंड घालून ओरडल्या, "अहो, वर या जरा, हात धुऊन या!"

भाई आले. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले होते, तरी नखांत काळं होतंच. त्यांनी ते परत एकदा आमच्या मोरीत घासले. मग मी पलंगावर भिंतीला टेकून बसलो, पोरीला छातीवर घेतलं, आणि भाईंनी ती ओढणी माझ्या पाठीमागून दोनदा फिरवून घट्ट बांधली. टायरमध्ये ट्यूब बसवताना बघावं तसं चारी बाजूंनी बोट घालून बघितलं, नाक मोकळं आहे ना, मान नीट आहे ना. वरून गोधडी टाकली.

"आता हलू नको भावा," ते म्हणाले. "एकदम हलू नको."

ते खाली गेले, गॅरेजमध्ये पाणी शिरत होतं. भाभी दाराबाहेर जिन्यातच बसून राहिल्या, पाठ आमच्याकडं करून.

आणि मी बसलो. पहिली काही मिनिटं मला वाटलं, मला हे जमणार नाही. माझा गुडघा हलायला लागला, मी तो हातानं दाबून धरला. फोन समोरच्या कपाटावर राहिला होता. मला बघायचं होतं की बाहेर किती उतरलंय, पाऊस किती वेळ चालेल, मागल्या वर्षी असा पाऊस झाल्यावर हवा परत कधी वर आली होती. भिंतीवरचं थर्मामीटर माझ्या डोक्यामागं होतं, मान वळवली तरी दिसत नव्हतं. पाठीला भिंत गार लागत होती. नाकाला खाज सुटली. छातीवर तिचं वजन जेमतेम जाणवत होतं, पण पाय मात्र जाणवत होते. दोन गार ठिपके, बरगड्यांच्या खाली.

मी जन्मात इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो. शाळेत बसलो नव्हतो, देवळात बसलो नव्हतो. तिचा श्वास माझ्या गळ्याखाली लागत होता, मधेच थांबल्यासारखा वाटायचा, माझा श्वासही थांबायचा, मग परत तिचा सुरू व्हायचा. पाऊस पडत होता. भाभी जिन्यातून अधूनमधून विचारत होत्या, "ठीक आहे ना?" मी हळू आवाजात म्हणायचो, "ठीक आहे." मोठ्यानं बोललो तर छाती हलेल असं वाटायचं.

मधेच पोटावरून काहीतरी ऊन ऊन ओघळलं. लंगोट भिजलं होतं. मी हललो नाही. ते तसंच कमरेपर्यंत गेलं आणि गार झालं, आणि मी तसाच बसून राहिलो.

कधीतरी मला कळलं की ते दोन गार ठिपके लागत नाहीत. मी गोधडीतून हात आत घालून बोटानं तिची टाच चाचपली. कोमट होती. परत चाचपली. मग तिनं अंग ताणलं, तोंड उघडलं आणि रडली. चांगली खणखणीत, भुकेची.

त्या आवाजानं बायको जागी झाली. औषधानं घाम येऊन तिचा ताप उतरत होता. "लाइट आली?" तिनं विचारलं.

"नाही."

"ती कुठाय?"

"इथं."

ती कोपरावर उठली आणि बघत राहिली. उघडा नवरा, छातीला बांधलेली भाभींची हिरवी ओढणी, त्यातून बाहेर आलेलं टोपरं. तिला हसू फुटलं, आणि हसताना छाती दुखली म्हणून ती "आई गं" म्हणाली, आणि तरी हसत राहिली. "पाणी द्या ना," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून स्वतःच भिंत धरून उठली.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही बाळाला दवाखान्यात दाखवून आणलं. सगळं ठीक होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन पुरेसं वाढेपर्यंत रोज थोडा वेळ असं बसत जा. मग मी शिफ्टहून आलो की अंघोळ करून बसायचो. सुरुवातीला बायको मला जागच्या जागी धरून ठेवायला समोर बसायची. नंतर ती खुशाल भाभींकडं निघून जायला लागली. आणखी काही दिवसांनी, सवयीनं, मी ती साइट उघडली. तो गुरुवार तिथं जमा झाला होता. पुण्याचा त्या दिवसाचा आकडा नेहमीपेक्षा थोडासाच खाली होता. बहुधा त्यांच्याकडं पाऊस उशिरा पोचला असेल, किंवा आमच्यासारखा झालाच नसेल. मी थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं. मग पोरगी रडली म्हणून उठलो.

मामींना मी त्या गुरुवारी संध्याकाळीच फोन केला होता. सगळं सांगितलं, शर्ट काढून बसलो तेही.   मग त्या म्हणाल्या, "आमच्या माणसानं चार लेकरांत एकदा बी हातात धरलं न्हाई. बायांचं काम हाय म्हणायचे अन् लांब बसायचे." त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही. "दिवाळीला येते," म्हणाल्या, "काढणी झाली की."

पुढच्या वर्षी आम्ही पहिल्या मजल्यावर खोली बघून तिकडं गेलो. भाई-भाभी तळेगावला गेले, भाईंनी स्टेशनजवळ मोठा गाळा घेतला. मुलगी आता बालवाडीत जाते. तिला उकडतं फार. पंख्याखाली सगळ्यांच्या आधी जागा धरते. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या गुरुवारी आम्ही तिघं लोकलनं तळेगावला जातो. भाभी स्टेशनवर घ्यायला येतात, आणि ती त्यांचं बोट धरून आमच्या पुढं चालायला लागते, वळून बघतसुद्धा नाही.